हुद्द्याची किंमत कोण ठरवतो?

आमच्या ढाणकीत रिश्ता ठरवताना आता तीन प्रश्न हमखास विचारले जातात. नोकरी सरकारी आहे का? पर्मनंट आहे का? आणि मुलगा किंवा मुलगी शिक्षक असेल तर तिसरा प्रश्न : ग्रँट किती टक्के? हा तिसरा प्रश्न उमरखेड, पुसदकडच्या आमच्या भागाबाहेर कुणाला कळेल की नाही, सांगता येत नाही. पण ज्यांच्या घरात उर्दू शाळेचा शिक्षक आहे, त्यांना तो चांगलाच कळतो. मुलगा बी.एड. आहे, मान्यता आहे, वेतनश्रेणी आहे. हे सगळे सांगून झाल्यावरही मुलीचा बाप विचारतो, "तो सब ठीक है, मगर हाथ में क्या आता है?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. मोठमोठ्या आयोगांनी शे-पाचशे पानांत ज्याचे उत्तर शोधले, तोच हा प्रश्न आहे. एखाद्या हुद्द्याची किंमत काय, ती कुणी ठरवायची आणि कशावरून? आम्ही शिक्षक असल्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभे असतो. वर्गात आम्ही मुलांना गुण देतो आणि बाहेर सरकार आम्हांला.

आधी शब्दांकडे पाहू. हुद्दा हा शब्द अरबीतल्या 'उहदा'वरून आला. दर्जाही तिकडचाच. तहसील कचेरीतली चढती ओळ मोजा : शिपाई, अव्वल कारकून, नायब तहसीलदार, तहसीलदार. आमची मुले हे शब्द उर्दूच्या तासाला ऐकतात आणि सातबाऱ्यासाठी बापासोबत गेली की तेच शब्द टेबलांवरच्या पाट्यांवर वाचतात. पगार मात्र पोर्तुगीजांकडून आला. म्हणजे हुद्दा एकीकडून आला आणि पगार दुसरीकडून. दोघांची गाठ नीट बसत नाही याचे निदान शब्दांना तरी आश्चर्य वाटू नये!

हुद्द्यांची उतरंड लावून तिला पगार जोडणे हे काम फार जुने आहे. हजरत उमर (रजि.) यांनी दीवान स्थापन केला आणि बैतुलमालमधून मिळणाऱ्या वजीफ्यांचे दर्जे ठरवले. बद्रच्या लढाईत सहभागी झालेल्यांना वर्षाला ५००० दिरहम आणि नंतर इस्लाम स्वीकारणाऱ्यांना त्याहून कमी, असा तो क्रम होता. त्यांच्या आधी हजरत अबू बक्र (रजि.) यांनी सर्वांना सारखे वाटप केले होते. त्यांचे म्हणणे असे की, दीनसाठी केलेल्या कामाचा मोबदला अल्लाहकडे आहे, इथे पोटापाण्यात सगळे सारखे. एकाने गरज पाहिली, दुसऱ्याने सेवा आणि ज्येष्ठता पाहिली. चौदाशे वर्षे झाली, तरी जगातल्या प्रत्येक वेतन आयोगाच्या टेबलावर हेच दोन कागद असतात.

अकबराच्या काळात हिंदुस्थानात मनसबदारी आली. आईन-ए-अकबरीत १० पासून १०,००० पर्यंत ६६ दर्जे सांगितले आहेत. माणसाचा हुद्दा म्हणजे एक आकडा. जात हा आकडा त्याचा स्वतःचा दर्जा आणि पगार सांगायचा, तर सवार हा आकडा त्याने किती घोडेस्वार ठेवायचे ते सांगायचा. सवार जातीएवढे असतील तर पहिला वर्ग, निम्मे किंवा त्याहून जास्त असतील तर दुसरा, निम्म्याहून कमी असतील तर तिसरा. हिशेब कसा चोख! पण पुढे अडचण आली. कागदावर जहागिरीचे उत्पन्न एक आणि प्रत्यक्ष वसूल दुसराच. मग शहाजहानच्या काळात महिन्यांचा हिशेब आला. मनसब तीच राहायची, पण जहागीर आठमाही, सहामाही, चारमाही धरली जायची. म्हणजे वर्षाच्या बारा महिन्यांपैकी तेवढ्याच महिन्यांचे उत्पन्न हातात. दक्षिणेच्या सुभ्यांत ही कपात अधिक होती, आणि आपला वऱ्हाड दक्षिणेतच येत होता.

विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाने हे वाचले की त्याला हसू येईल. वीस टक्के ग्रँट म्हणजे दुसरे काय? बाराचे वीस टक्के म्हणजे दोन महिने बारा दिवस. चारमाही मनसबदार आमच्यापेक्षा बरा होता म्हणायचा.

हा टक्क्यांचा हिशेब बाहेरच्या वाचकाला समजावून सांगितला पाहिजे. महाराष्ट्रात सातवा वेतन आयोग २०१९ च्या नियमांनी, १ जानेवारी २०१६ पासून, लागू झाला. त्यासाठी के. पी. बक्षी यांची समिती होती. त्या नियमांत प्रत्येक पदाला एक स्तर आहे. एस-१ म्हणजे शिपाई, मूळ वेतन १५,००० पासून. एस-६ म्हणजे लिपिक, १९,९००. एस-७ मध्ये पोलीस शिपाई, २१,७००. एस-८ मध्ये तलाठी, २५,५००. डी.एड. झालेला प्राथमिक शिक्षक एस-१० मध्ये, २९,२००. आणि बी.एड. झालेला माध्यमिक शिक्षक एस-१४ मध्ये, ३८,६००. गंमत अशी की, त्याच नियमांत नायब तहसीलदारही एस-१४ मध्येच होते. म्हणजे सरकारच्या तक्त्यात तालुक्याचा नायब तहसीलदार आणि उर्दू शाळेत इतिहास शिकवणारे आम्ही एका ओळीत बसलो होतो. नायब तहसीलदारांना हे मान्य नव्हते. आपले पद वर्ग दोनचे राजपत्रित असून वेतन वर्ग तीनचे मिळते, म्हणून २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी संप केला. त्यांच्या बाजूने ते बरोबरच होते. पण आम्हांला त्या बातमीने वेगळाच प्रश्न पडला. एका ओळीत असूनही त्यांच्या टेबलासमोर लोक उभे राहतात आणि आमच्यासमोर बसलेले असतात, तेही फक्त दहावीपर्यंत!

आता टक्के. बी.एड. करून आम्ही ज्या शाळेत लागलो ती विनाअनुदानित होती. सरकारकडून शून्य. संस्थेकडून जे मिळेल ते, आणि जेव्हा मिळेल तेव्हा. २००९ मध्ये 'कायम विनाअनुदानित' यातला 'कायम' हा शब्द शासनाने काढला आणि हजारो शाळांना आशा लागली. मग शाळांचे मूल्यांकन सुरू झाले. खोल्या किती, पट किती, प्रयोगशाळा आहे का, निकाल किती. शाळेला गुण मिळाले की ती अनुदानाला पात्र. २०१६ मध्ये पात्र शाळांना वीस टक्के, पुढे चाळीस, मग साठ असे टप्पे आले. शाळा ज्या टप्प्यावर, शिक्षकाचा पगार त्या टप्प्यावर. हुद्दा आमचा, पण गुण इमारतीचे!

हिशेब करून पाहा. ३८,६०० चे वीस टक्के म्हणजे ७,७२०. चाळीस टक्के म्हणजे १५,४४०. पूर्ण अनुदानित शाळेतल्या शिपायाचे मूळ वेतन १५,०००. म्हणजे वीस टक्क्यांवरचा एस-१४ हा एस-१ च्या निम्म्यावर, आणि चाळीस टक्क्यांवर आला तेव्हा कुठे ४४० रुपयांनी पुढे. आम्ही शिपायाचा पगार कमी व्हावा असे मुळीच म्हणत नाही. शाळेची घंटा वेळेवर वाजते ती त्याच्यामुळे. म्हणायचे एवढेच की, स्तर ठरवताना शिक्षण, जबाबदारी आणि भरतीची अट अशी बारीक पारख होते, आणि ती झाल्यावर कुणीतरी येऊन त्या आकड्याला पाचने भागतो. मग ती पारख केली कशाला?

शिक्षण सेवकांचेही तेच. २००० पासून महाराष्ट्रात नवा शिक्षक आधी तीन वर्षे शिक्षण सेवक असतो. त्याला वेतन नसते, मानधन असते. बराच काळ हे मानधन प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० होते. २०२३ मध्ये ते १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. तोच वर्ग, तेच पुस्तक, तोच निकाल. फरक एका शब्दाचा : वेतन नव्हे, मानधन.

या शब्दाची खरी ताकद आम्हांला खालांकडे पाहून कळली. आमच्या खाला अंगणवाडी सेविका आहेत. सकाळी मुले गोळा करणे, वजन घेणे, आहार देणे, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवणे, लसीकरणाच्या दिवशी दारोदार फिरणे. मोहल्ल्यातले कुठले मूल रात्री उपाशी झोपले हे त्यांना आईइतकेच ठाऊक असते. २०२३ मध्ये सेविकेचे मानधन १०,००० रुपये झाले, त्याआधी ते ८,३२५ होते. वेतनाच्या तक्त्यात खालांचा स्तर कोणता, असे कुणी विचारले तर उत्तर आहे : कोणताच नाही. त्या तक्त्यातच नाहीत.

हे कोर्टातही गेले. कर्नाटकातल्या एका अंगणवाडी सेविकेचे नाव कायद्याच्या पुस्तकांत कायमचे छापले गेले आहे : अमीरबी. कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले की, अंगणवाडी सेविका शासनाचे नागरी पद धारण करत नाहीत. पुढे २०२२ मध्ये गुजरातमधल्या खटल्यात त्याच न्यायालयाने अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. म्हणजे आता त्यांना सेवा संपल्यावरचा हक्क आहे, पण सेवेत असताना पद नाही. आमच्या मोहल्ल्यात अमीरबी नावाच्या कितीतरी बाया आहेत. त्यांतल्या एकीचे नाव देशभरातले वकील उच्चारतात, आणि ते तिला पद नाही हे सांगण्यासाठी.

म्हणून आम्हांला वाटते, हुद्द्याचे मोल ठरवताना एक नव्हे, तीन दारे असतात. पहिले दार : हे काम पद आहे की नाही? दुसरे : पद असेल तर कितव्या पायरीवर? तिसरे : त्या पायरीचा पगार किती टक्के हातात पडणार? आयोग फक्त दुसऱ्या दाराशी बसतात. गरिबाला पहिल्या आणि तिसऱ्या दारावर थांबवले जाते.

आयोग कसे विचार करतात तेही पाहू. इंग्रजांच्या काळात १९१२ मध्ये लॉर्ड इस्लिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी नोकऱ्यांसाठी शाही आयोग नेमला गेला. त्यात गोपाळ कृष्ण गोखले होते आणि मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती अब्दुर रहीमही होते. गोखले हे फर्ग्युसन कॉलेजात महिना ७५ रुपयांवर शिकवलेले गृहस्थ, आणि आयोगापुढे हिशेब हजारांत पगार घेणाऱ्या गोऱ्या साहेबांचा! गोखले १९१५ मध्ये वारले. अब्दुर रहीम यांनी बहुमताशी न पटल्यामुळे स्वतंत्र मतपत्रिका लिहिली आणि वरच्या जागा हिंदी लोकांना मिळाल्या पाहिजेत असा आग्रह धरला. या आयोगाने पगाराचे जे तत्त्व मांडले त्याचा सारांश असा : योग्य माणूस मिळावा, टिकावा आणि त्याला मोह होऊ नये, यासाठी जेवढे लागेल तेवढे द्यावे, त्याहून जास्त नको. बाजाराचा हिशेब. जेवढ्यात मिळेल तेवढ्यात.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पहिला केंद्रीय वेतन आयोग आला. श्रीनिवास वरदाचारियर यांच्या त्या आयोगाने १९४७ मध्ये सांगितले की, अगदी तळाच्या माणसाला बाजाराचा हिशेब लावून चालणार नाही, त्याला जगता येईल एवढे वेतन हवे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने त्याचे माप घालून दिले. कमावणारा एक, बायको ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६, मिळून तीन घटक. प्रत्येकाला पुरेसे उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन-दिवाबत्तीसाठी वीस टक्के. न्यायमूर्ती अशोककुमार माथूर यांच्या सातव्या आयोगाने २०१५ मध्ये याच मापाने डाळ, तांदूळ, दूध, भाजी मोजून १८,००० हा आकडा काढला. बायकोला ०.८ का, हे आमच्या खालांना विचारावे. पण निदान घरातली चूल आधी मोजली आणि हुद्दा नंतर, एवढे तरी या मापाने केले.

सहाव्या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण होते. हे नाव मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींच्या चौकशीमुळे आमच्या वाचकांना पाठ आहे. एकाच न्यायमूर्तींचे दोन अहवाल. एकाची अंमलबजावणी थकबाकीसकट झाली. दुसऱ्याची किती झाली ते इथे लिहायची गरज नाही. ज्यांची संघटना मजबूत त्यांचा अहवाल कपाटाबाहेर येतो, एवढाच धडा. महाराष्ट्रात सहाव्या आयोगासाठी पी. एम. ए. हकीम यांची समिती होती. स्टाफरूममध्ये बुजुर्ग शिक्षक म्हणत, "हकीमसाहेबांनी नाडी बरोबर धरली, पण विनाअनुदानितवाल्यांना दवा लिहून दिली नाही." समितीच्या हातात ते नव्हतेच. पुढे २०२४ मध्ये वेतनातल्या त्रुटींसाठी मुकेश खुल्लर यांची समिती नेमली गेली, आणि २०२५ मध्ये न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राचा आठवा आयोग आला. स्टाफरूममध्ये पुन्हा गुणकाची चर्चा सुरू झाली. सातव्यात २.५७ होता, आठव्यात किती? साठ टक्क्यांवरचे आमचे मित्र कोपऱ्यात बसून ऐकतात. कितीही गुणक आला तरी त्यांचे उत्तर शेवटी ०.६ ने गुणले जाणार.

या सगळ्यांच्या आधी शिक्षकाच्या पगारावर नेमके बोलले होते महात्मा फुले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले की, प्राथमिक शिक्षकाचा पगार फार कमी आहे. तो किमान १२ रुपये असावा आणि मोठ्या गावांत १५ ते २०. शिवाय गावात त्याचे वजन वाढावे म्हणून त्याला गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल अशी कामे जोडून द्यावीत, म्हणजे मान वाढेल आणि उत्पन्नही. केवढी दूरदृष्टी! फुल्यांचे म्हणणे अर्धे खरे झाले. कामे जोडली गेली : मतदारयादी, जनगणना, खिचडीचा हिशेब. वजन मात्र वाढले ते फक्त रजिस्टरांचे.

हुद्दा गावाप्रमाणेही बदलतो. ढाणकीत आधी ग्रामपंचायत होती, ग्रामसेवक होते. आता नगरपंचायत आहे आणि मुख्याधिकारी आहेत. नाली तीच आहे. २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असे नाव देण्यात आले. तलाठ्यांनाही आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचे आहे. नाव वाढवणे स्वस्त पडते. घरभाडेही गावावरून ठरते : सातव्या आयोगात मोठ्या शहरांना मूळ वेतनाच्या २४ टक्के आणि आमच्यासारख्या गावांना ८ टक्के होते. भाड्याच्या बाबतीत ते बरोबरही असेल. पण पैनगंगेच्या काठच्या गावांतून चिखल तुडवत येणाऱ्या मुलाला शिकवणे मुंबईपेक्षा सोपे आहे, असे कुठल्या आयोगाला वाटते, ते आम्हांला समजून घ्यायचे आहे. मायबोली उर्दू, परीक्षा उर्दूत, पण शासनाचे परिपत्रक मराठीत आणि प्रशिक्षणही मराठीत. ते रात्री उलटवून सकाळी वर्गात न्यायचे. या कामाला कुठल्या तक्त्यात रकाना नाही.

इथवर आम्ही सरकारकडे बोट दाखवले. आता ते बोट मोहल्ल्याकडे वळवू. आपल्या मशिदीत पेशइमाम आहेत, मुअज्जिन आहेत, मकतबमध्ये शिकवणारे हाफिजसाहेब आहेत. त्यांचा पगार कोण ठरवतो? आपणच. कोणत्या तत्त्वाने? चंदा किती जमतो, शेजारच्या गावात किती देतात, आणि "इतने में कोई मिल जाएगा क्या?" हेच ना ते इस्लिंग्टनचे तत्त्व? तेही अर्धेच. योग्य माणूस टिकावा आणि इज्जतीने जगावा, हा भाग आपण गाळला. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये इमामांच्या संघटनेच्या अर्जावर, इमामांना त्यांच्या कामाचा मोबदला मिळाला पाहिजे असे सांगून वक्फ बोर्डांकडून वेतनाची योजना करण्याचे आदेश दिले. पण छोट्या गावांच्या बहुतेक मशिदी आजही चंद्यावरच चालतात. ज्यांच्या मागे आपण पाच वेळा उभे राहतो त्यांचा हुद्दा आपल्या दृष्टीने सर्वांत मोठा. आणि पगार? तो या लेखात लिहिला तर वाचणाऱ्याला शरम वाटेल.

मग करायचे काय? सरकारचे टक्के आमच्या हातात नाहीत. त्यासाठी मोर्चे आहेत, संघटना आहेत, आणि आझाद मैदानाची वाट विनाअनुदानित शिक्षकांच्या पायांना पाठ आहे. ती सोडायची नाही. पण मोहल्ल्याचा तक्ता आपल्या हातात आहे. मशिदीच्या कमिटीने एका कागदावर १९५७ चे ते साधे माप लिहावे : तीन घटकांचे धान्य, कपडा, भाडे, दिवाबत्ती. सत्तर वर्षांपूर्वीचे माप आता अपुरे आहे, म्हणून त्यात मुलांची फी आणि दवाखाना घालावा. ढाणकीच्या बाजारातला भाव लावून बेरीज करावी. जो आकडा येईल तो इमामसाहेबांचा पहिला पगार. हुद्दा, इल्म, अनुभव यांची वाढ त्यानंतर. आणि बायकोचा घटक ०.८ न धरता पूर्ण एक धरावा. त्याला कुठल्या आयोगाची परवानगी लागत नाही.

ही बेरीज बैठकीत मोठ्याने वाचली जावी. आकडा मोठा दिसेल, लोक कुरकुर करतील, चंदा वाढवावा लागेल. एकदा ही सवय लागली की मग सरकारला आमचा प्रश्न विचारताना आमचा आवाज थोडा अधिक भरदार निघेल : साहेब, पायरी तुम्ही ठरवली, आम्ही मान्य केली. आता तिचे शंभर टक्के द्या.